प्रीपेड सर्व्हिस पॅकेज घ्यावं का? वर्षाला जेमतेम सहा हजार किमी, बडोदा

मांजलपूरकर

नमस्कार मंडळी. १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, कंपनी फिटेड सीएनजी, दोन वर्षं पूर्ण, मीटरवर ११,४०० किमी. रोजचं मांजलपूर ते अलकापुरी, अधूनमधून अहमदाबाद. तिन्ही फ्री सर्व्हिस झाल्या. आता सर्व्हिस ॲडव्हायझर तीन वर्षांचं प्रीपेड पॅकेज गळ्यात मारतोय: सहा सर्व्हिस, २३,९०० रुपये. सुटं केलं तर किती लागेल याचा तक्ताही दिलाय. तीन सहामाही सर्व्हिस प्रत्येकी ३,२००, तीन वार्षिक अनुक्रमे ५,४००, ८,७०० आणि ५,७००. बेरीज २९,४००, म्हणजे साडेपाच हजार वाचतात म्हणे. पॅकेज नसेल तर पुढे वॉरंटीत अडचण येईल, असंही हळूच सुचवलं. मॅन्युअलमध्ये मात्र ‘१०,००० किमी किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते’ असं लिहिलंय. काय करावं?

पाना_पक्कड

मॅन्युअल वर्षाला एक सर्व्हिस मागतंय आणि पॅकेज दोन विकतंय. त्याच तक्त्यातल्या सहामाहीच्या तिन्ही ओळींवर काट मारा. उरले १९,८००. म्हणजे २३,९०० भरून तुम्ही ४,१०० जास्तच देताय, तेही आगाऊ.

आता वार्षिक सर्व्हिसचा तपशील मागा, नुसती बेरीज नको. इंजिन फ्लश, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, इंजिन ड्रेसिंग असल्या ओळी दिसल्या तर त्याही काढा. तुमच्या मॅन्युअलच्या वेळापत्रकात त्या आहेत का, ते पाहा, बहुधा नसतील. ८,७०० मध्ये स्पार्क प्लग धरलेत का तेही बघा. साधे निकेलचे प्लग साधारण ४०,००० किमीला बदलतात, इरिडियमचे त्याच्या दुपटीहून जास्त चालतात. पुढच्या वर्षी तुमची गाडी सतरा हजारांवर असेल. एअर फिल्टरचंही तेच: दर सर्व्हिसला साफ करायचा, बदलायचा साधारण ४० हजारांना, आपल्याकडची धूळ धरली तर थोडा आधी. हवा मारताना प्रेशर कमी ठेवून आतल्या स्वच्छ बाजूने बाहेर मारायची. घाईत उलटं मारलं की कागद फाटतो आणि धूळ सरळ सिलिंडरमध्ये.

ब्रेक फ्लुइड मात्र टाळू नका. ते किलोमीटरवर नाही, काळावर खराब होतं, कारण हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ३ (ब्रेक फ्लुइडचा एक दर्जा) चा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २०५ अंश, ओल मुरल्यावर १४० पर्यंत खाली येतो. पावागढसारख्या उतारावर सतत ब्रेक दाबला तर वाफ धरते आणि पेडल मऊ लागतं. दोन वर्षं झाली, म्हणजे ते आत्ताच बदलायचं, पुढच्या वर्षी नाही. टेस्टरवर ओल ३ टक्क्यांच्या वर दाखवली तर प्रश्नच नाही. आणि ‘बदललं’ म्हणजे वरच्या बाटलीतलं उपसून नवीन ओतलं असं नको, चारही चाकांतून ब्लीड झालं पाहिजे, म्हणजे जुनं फ्लुइड नळ्यांतून पूर्ण बाहेर काढलं पाहिजे.

वॉरंटीचं म्हणाल तर पॅकेज न घेतल्याने ती जात नाही. सर्व्हिस चुकवली, आणि त्यामुळे बिघाड झाला असं दाखवता आलं, तर क्लेम अडू शकतो. दर वर्षी वेळेत सर्व्हिस करा, बिलं आणि जॉब कार्ड (काय काम करायचं त्याचा वर्कशॉपचा कागद) जपून ठेवा.

काळं_ऑइल

पाना यांच्या हिशोबाशी सहमत, पण एक बाजू राहिली. मॅन्युअलमध्ये पुढे ‘सिव्हिअर’ म्हणजे खडतर वापराचा वेगळा तक्ता असतो: कमी अंतराच्या फेऱ्या, धूळ, खूप ट्रॅफिक. मांजलपूर-अलकापुरी ही शहरातल्या शहरातली छोटी फेरी त्यातच बसते. इतक्या अंतरात इंजिन तापतं ना तापतं तोच बंद होतं. ऑइल पुरेसं गरम न झाल्याने त्यातली पाण्याची वाफ आणि मिसळलेलं पेट्रोल उडून जात नाही. ऑइल भरायच्या झाकणाखाली कॉफीरंगी लोण्यासारखा थर दिसला तर हेच कारण. (थर खूप जाड असेल आणि कूलंटही कमी होत असेल तर प्रकरण वेगळं, हेड गॅस्केट तपासा.) शिवाय बहुतेक कंपनी फिटेड सीएनजी गाड्या थंड असताना पेट्रोलवरच सुरू होतात, म्हणजे छोट्या फेरीत पेट्रोलचा वाटा वाटतो त्याहून मोठा.

पण म्हणून ३,२०० ची सहामाही सर्व्हिस लागत नाही. लागतं ते फक्त ऑइल, फिल्टर आणि ड्रेन प्लगचा नवा वॉशर. मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं ऑइल घेऊन हे काम दोन-अडीच हजारांत होतं. आणि आठवड्यातून एकदा हालोल रोडला अर्धा-पाऊण तास सलग गाडी पळवलीत तर वर्षाला एकदा ऑइल पुरे, असं माझं मत.

बिलात ऑइलचं प्रमाण वाचा. अशा इंजिनांना फिल्टरसह तीन ते साडेतीन लिटर लागतं, नेमका आकडा मॅन्युअलच्या शेवटी मिळेल. तीन लिटर शंभर मिली लागत असेल आणि बिलात साडेतीन असेल तर एक तर पैसे जास्त घेतले, नाही तर खरंच जास्त ओतलं. दुसरं जास्त वाईट: क्रँक ऑइल घुसळतो, फेस होतो, ते ब्रीदरच्या नळीतून इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जायच्या वाटेत जातं. गाडी ताब्यात घेताना सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक बघा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी.

सिलिंडरवाला

सीएनजीच्या बाबी या पॅकेजमध्ये आहेत का ते विचारा. बहुधा नसतात. लो प्रेशर फिल्टर, गळती तपासणी आणि टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्हच्या वरची बारीक फट) तपासणी लेखी मागा. हायड्रॉलिक लॅश ॲडजस्टर (ही फट आपोआप जुळवणारा भाग) नसलेल्या इंजिनात गॅसवर व्हॉल्व्ह सीट झिजून क्लिअरन्स कमी होतो, मग व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, सकाळी स्टार्टिंगला त्रास आणि पिकअप ढिला. लोक उगाच प्लग बदलत बसतात.

गॅसच्या सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाखालची तपासणी) दर ३ वर्षांनी. तारीख सिलिंडरवर कोरलेली असते आणि प्लेटवरही. गाडी घेतल्याची तारीख धरू नका, सिलिंडर त्याआधी बनलेला असतो. मुदत संपली की पंपावर गॅस देत नाहीत.

एक्सप्रेसवे_रोजचा

पॅकेज सगळ्यांनाच तोट्याचं नसतं. रोज बडोदा-अहमदाबाद करणाऱ्याचे वर्षाला ४० हजार किमी सहज होतात. त्याला ब्रेक पॅड, वायपर, क्लच धरलेलं ‘वेअर अँड टेअर’ पॅकेज परवडू शकतं. तुमच्या वापरात पॅड तीन वर्षांत संपणारच नाहीत बहुधा.

कोणी घेणारच असेल तर आधी विचारा: पॅकेज कंपनीचं की डीलरचं स्वतःचं? कंपनीचं असेल तर चॅसिस नंबरवर नोंद होते, दुसऱ्या शहरातही चालतं. डीलरचं म्हणजे नुसतं पावती पुस्तक, उद्या त्याने डीलरशिप सोडली तर कोणाकडे जाणार? गाडी विकली तर नव्या मालकाच्या नावावर होतं का, न वापरलेल्या सर्व्हिसचे पैसे परत मिळतात का, हेही लेखी घ्या. आणि ऑगस्ट २०२४ सारखा विश्वामित्री नदीचा पूर पार्किंगमध्ये आला तर कुठलंच सर्व्हिस पॅकेज कामाला येत नाही. त्यासाठी विम्यात इंजिन प्रोटेक्ट (पाण्याने इंजिन बिघडलं तर भरपाई देणारी जोड) लागतं.

मांजलपूरकर

तपशील मागवला. ८,७०० मध्ये प्लग, एअर फिल्टर आणि ब्रेक फ्लुइड तिन्ही आहेत. तक्त्यावर तारीख जून २०२५ ची आहे. काही फरक पडतो का?

पाना_पक्कड

पडतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सगळ्या पार्ट्सवर जीएसटी १८ टक्के झाला. त्याआधी बहुतेक पार्ट्स २८ टक्क्यांत होते. तेव्हाचा १,२८० चा पार्ट आता १,१८० ला यायला हवा. ऑइल आणि मजुरीवर आधीही १८ च होता, तिथे फरक नाही. म्हणजे तक्त्यातली ‘बचत’ जुन्या भावांवर काढलीय. आत्ताची वार्षिक सर्व्हिस सुटी करा, त्यात ब्रेक फ्लुइड जोडून घ्या, प्लग आणि एअर फिल्टर वगळा. काम सुरू व्हायच्या आधी जॉब कार्डवर ‘विचारल्याशिवाय जादा काम नको’ असं लिहून सही करा, आणि जुना ऑइल फिल्टर दाखवायला सांगा.