पीटरचं पाश्चात्त्यीकरण: रशिया घडला की रयत भरडली?

धागाकर्ता
रशियाचा बादशहा पीटर द ग्रेट याची गोष्ट आपल्याकडे अशी सांगतात: १६९७ मध्ये युरोपच्या दौऱ्यावर गेला, हॉलंडच्या गोदीत सुतारांबरोबर राबला, परत येऊन सरदारांच्या दाढ्या भादरल्या आणि मागासलेला रशिया आधुनिक केला. या गोष्टीत शेतकरी कुठेच नाही, हीच माझी तक्रार आहे.

१७०५ चा दाढीकरच बघा. सरदार, व्यापारी आणि इतर शहरवासीयांना वर्षाला ३० ते १०० रूबल भरून दाढी राखता येई. शेतकऱ्याला गावात मुभा होती, पण शहराच्या वेशीतून आत-बाहेर करताना दर खेपेला एक कोपेक (रूबलचा शंभरावा भाग)! त्याला युरोपीय करायचंच नव्हतं, त्याच्याकडून वसुली तेवढी हवी होती. त्याच वर्षी सक्तीची सैन्यभरती आली. साधारण वीस घरांमागे एक तरुण, तोही जन्मभरासाठी. घरची माणसं मेलेल्यासाठी रडावं तसा आक्रोश करून त्याला निरोप देत. पुढे डोईपट्टी बसली. जमीनदाराच्या कुळांना दर पुरुषामागे ७४ कोपेक, तान्हं बाळ असो की म्हातारा. वसुलीची जबाबदारी जमीनदारावर, म्हणजे भूदासाच्या (जमिनीला बांधलेल्या कुळाच्या) गळ्यातला फास जमीनदाराच्याच हातात. १७२१ मध्ये तर कारखानदारांना माणसांसकट गावं विकत घेण्याची परवानगी मिळाली.

दीपस्तंभ
तपशील मान्य, निष्कर्ष नाही. १७०० साली बाल्टिक किनाऱ्याजवळच्या नार्व्याच्या लढाईत स्वीडनचा राजा असलेल्या बाराव्या चार्ल्सने कितीतरी लहान फौजेनिशी रशियनांची दाणादाण उडवली, तोफखाना हिसकावला. पीटरने चर्चच्या घंटा उतरवून त्या धातूच्या तोफा ओतल्या. नऊ वर्षांनी पोल्ताव्हाच्या (आजच्या युक्रेनमधल्या) लढाईत हरलेला चार्ल्स जखमी पायानिशी तुर्की मुलखात पळाला. शेजारच्या पोलंडला आपलं सैन्य आणि कारभार वेळेत सुधारता आला नाही आणि १७९५ पर्यंत तो नकाशावरून पुसला गेला. पीटरपुढे निवांत, माणुसकीने सुधारणा करण्याचा पर्याय होता असं मानणं मला अन्यायाचं वाटतं.

शिवाय १७२२ ची चौदा पायऱ्यांची दर्जावली, म्हणजे सरकारी हुद्द्यांची उतरंड, विसरू नका. सैन्यात सगळ्यात खालचा अधिकारी झालेला सामान्य घरचा माणूसही वंशपरंपरागत सरदार ठरे. पीटरने स्थापलेल्या विज्ञान अकादमीत पुढे शास्त्रज्ञ लोमोनोसोव्ह प्राध्यापक झाला. श्वेत समुद्राकाठच्या, मासेमारी करणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा तो!

अमानत
तुम्ही दोघंही पश्चिमेकडेच बघताय. साम्राज्य पूर्वेला पसरलं ते पीटरच्या कितीतरी आधी. १५५२ मध्ये व्होल्गाकाठचं तातारांचं कझान पडलं, १५८० च्या दशकात येर्माक नावाच्या सरदाराचे कोसॅक (सीमेवरचे लढवय्ये) उरल पर्वत ओलांडून गेले आणि १६३९ मध्ये रशियन माणूस प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावर उभा होता. ना डच जहाज, ना जर्मन कवायत. सेबल नावाच्या प्राण्याची कातडी हवी होती, नद्यांचा रस्ता होता आणि मोक्याच्या जागी लाकडी गढ्या. स्थानिक जमातींनी कातड्यांची खंडणी वेळेवर द्यावी म्हणून त्यांच्या माणसांना गढीत ओलीस ठेवत. त्या ओलिसाला रशियन भाषेत ‘अमानात’ म्हणत. आपली ‘अमानत’ही त्याच अरबी मुळाची, पण आपल्याकडे ती विश्वासाने सोपवलेली ठेव. हे वाचल्यापासून तो शब्द डोक्यातून जात नाही, म्हणून इथे हेच नाव घेतलं.

धागाकर्ता
अमानत, मुद्दा मानला. विस्तार पाश्चात्त्यीकरणातून आला नाही. पाश्चात्त्यीकरणाने त्याला पश्चिमेकडचं दार उघडून दिलं.

दीपस्तंभ, नार्व्याबद्दल माझ्याकडे सोपं उत्तर नाही. तो धोका खरा होता. पण लोमोनोसोव्हचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. मॉस्कोच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून त्याला शेतकऱ्याचा मुलगा असल्याचं लपवून सरदारपुत्र असल्याचं सांगावं लागलं. तो उत्तरेचा, जिथे जमीनदारी जवळजवळ नव्हती. मध्य रशियातला भूदास मालकाच्या परवानगीशिवाय गाव सोडून कुठला जातोय! आणि हा मुलगा परतला नाही तेव्हा गावच्या दप्तरात ‘फरारी’ म्हणून लागला. डोईपट्टी काही माफ झाली नाही. तो जर्मनीत रसायनशास्त्र शिकत होता तेव्हाही त्याच्या नावची पट्टी मागे राहिलेले गावकरी भरत होते.