मदत हवी आहे: ड्रिपरचं सिम्युलेशन फुटतंय, 12 कोर लावूनही वेळ तेवढाच

नमस्कार मंडळी. जळगावला एम.टेक. करतोय. घरी रावेरकडे केळी, म्हणून प्रोजेक्टला ठिबकच घेतलं. पीसी ड्रिपरमध्ये (दाब बदलला तरी पाणी सारखंच देणारा) सिलिकॉनची बारीक चकती असते. दाब वाढला की ती वाकते, पाण्याची वाट अरुंद होते, म्हणून पाणी ताशी 4 लिटरच पडतं. वडिलांना सांगितलं तर म्हणे, "चकतीखाली गाळ अडकतो, ते बघ आधी." तेही खरंच.

पाण्याचा प्रवाह ओपनफोम ह्या सॉफ्टवेअरमध्ये, चकतीचं वाकणं कॅल्क्युलिक्समध्ये, दोघांना प्रीसाइस ह्या जोडणाऱ्या लायब्ररीने जोडलंय, सिरियल कपलिंग (एकामागून एक). जाळी लहानच, 60 हजार सेल (गणितासाठी पाडलेले बारीक तुकडे). एक्स्प्लिसिट (दर स्टेपला दोघांची एकदाच देवाणघेवाण) ठेवलं तर चौथ्या स्टेपलाच चकती थडथडून उडते. टाइमस्टेप दहापट कमी केला, तर आणखी लवकर उडाली! इथेच डोकं चालेनासं झालंय. इम्प्लिसिटला (दोघांचं जुळेपर्यंत तीच स्टेप पुन्हा पुन्हा) रिलॅक्सेशन 0.1 ठेवलं, म्हणजे दर वेळी बदलाचा दहावा भागच घेतला, की चालतं, पण दर स्टेपला 40 आवर्तनं. 4 ऐवजी 12 कोर दिले, फरक शून्य. रन दीड दिवसाचा, मधे लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून.

उत्तर 1: भाऊ, टाइमस्टेपच्या मागे लागू नका. पाणी आणि सिलिकॉन, दोघांची घनता जवळपास सारखी. चकती हलते तेव्हा तिला आपल्याएवढंच जड पाणी ढकलावं लागतं, ह्यालाच अ‍ॅडेड मास म्हणतात. विमानाच्या पंखाभोवती हवा हलकी, तिथे एक्स्प्लिसिट खपून जातं. दाबून न आकसणाऱ्या पाण्यात स्टेप जितकी लहान, तितकं जास्त बिघडतं. इम्प्लिसिटच ठेवा, पण 0.1 काढून आयक्यूएन-आयएलएस (आधीच्या आवर्तनांवरून पुढचा अंदाज बांधणारी पद्धत) लावा.

कोरचं म्हणाल तर 60 हजारांचे 12 वाटे म्हणजे एकेकाला जेमतेम 5 हजार सेल. गणित कमी, एकमेकांना निरोप पाठवणंच जास्त. 4 पुरे. त्यात सिरियल कपलिंगमध्ये एक सॉल्व्हर राबतो तेव्हा दुसरा नुसता बसून असतो, पॅरलल-इम्प्लिसिट (दोघं एकाच वेळी) करून बघा. लाईटचं आपल्याकडे काय सांगावं! ओपनफोमचा राइट इंटरव्हल (किती वेळाने निकाल साठवायचा ते) कमी केला तरी प्रीसाइसचं कपलिंग आपोआप मधूनच उचलत नाही. यूपीएस मागा.

मूळ प्रश्नकर्ता: दादा, 40 चे 7 झाले! यूपीएसचा अर्ज एचओडींच्या टेबलावर आहे. पण चकती खाली टेकायला आली की मधले सेल उलटे होऊन रन थांबतो. 0.05 मिमी फट मुद्दाम उघडी ठेवली तर चालेल, की प्रवाहच चुकीचा येईल?