सगळ्यांना डायोड चालतो, हे कोणी सांगितलं तुम्हाला?

रानजाई
परवा इथे एकीने लिहिलंय की केस काढायचं लेझर करायचंय ना, मग डोळे झाकून डायोड नावाचं लेझर घ्या, स्किन कशीही असू दे नि केस कसेही असू देत, आणि तेवढे पैसे नसतील तर घरी वापरायचं आयपीएल (प्रकाशाचा फ्लॅश मारणारं) मशीन आणा, काम एकच. खाली धन्यवादांची रांग लागलीये म्हणून एवढं टाइप करत बसलेय.

माझा रंग चांगला सावळा. लग्नाच्या दोन महिने आधी हनुवटी आणि कल्ल्यांवर आयपीएल करून घेतलं, सांगताना लेझरच सांगितलं होतं. तिसऱ्या सिटिंगनंतर घरी येऊन आरशात बघते तर जबड्यावर चौकोनी पट्टे, हँडपीसच्या काचेच्या मापाचे, फरशी बसवल्यासारखे एकाला एक लागून. आधी लाल, मग चहाच्या डागासारखे तपकिरी. लग्नाच्या फोटोत मेकअपखालूनही दिसतात. जायला वर्ष लागलं.

प्रकाश मेलॅनिन, म्हणजे काळा रंग देणारं द्रव्य शोधतो, ते केसाच्या मुळात आहे का कातडीत हे त्याला कळत नाही. ७५५ नॅनोमीटर वेव्हलेंथचा (प्रकाशलहरीची लांबी) अलेक्झांड्राइट लेझर मेलॅनिन जास्त पकडतो, तो गोऱ्या अंगावरच्या काळ्या केसांना छान. ८१० च्या आसपासचा डायोड मधला. १०६४ चा एनडी याग वरच्या थरात कमी अडकतो नि खोल उतरतो, म्हणून गडद रंगाला तो सगळ्यात सुरक्षित. आणि आयपीएल लेझरच नाही, बऱ्याच वेव्हलेंथ मिसळलेला फ्लॅश आहे तो.

तुरेवाली
ती पोस्ट माझी. मी पण सावळीच आहे, काखा आणि पाय डायोडने केलेत, सहा सिटिंग, एक डाग नाही. मग मी खोटं बोलतेय का? आणि तुमच्या त्या यागने माझ्या बहिणीला ओठावर इतकं दुखलं की डोळ्यातून पाणी, वर बारीक लव जशीच्या तशी. सुरक्षित असून उपयोग काय मग?

रानजाई
काखेतले केस राठ असतात, तिथे उन्ह लागत नाही, डायोड चालणारच. याग बारीक लवेवर कमी पडतो हे मान्य, दुखतोही जास्त. पण तुम्ही "कशीही स्किन" लिहिलंत ना, माझं भांडण त्या दोन शब्दांशी आहे.

पेठकर
घरात बायको स्किनची डॉक्टर आहे म्हणून बोलतो. मशीनचं नाव ही अर्धीच गोष्ट. ज्यूल किती लावले म्हणजे ऊर्जा किती, पल्स म्हणजे प्रकाशाचा एक झोत किती मिलिसेकंदाचा, टिप गार आहे का, हे कोणी विचारतच नाही. सावळ्या रंगाला ऊर्जा कमी आणि पल्स लांब ठेवली तर डायोडही नीट चालतो, तेच घाईत फिरवलं तर यागनेही भाजतं. म्हणून म्हणतो, पार्लरमध्ये हे करूच नका, बंदीच पाहिजे.

शालूताई_सातारा
झालं, आले पार्लरवर. सतरा वर्षं पार्लर चालवतेय. मी लेझर ठेवलेलं नाही, मला त्यातलं शिक्षण नाही म्हणून ठेवलेलं नाही. पण मोठ्या क्लिनिकात तरी हँडपीस कोण धरतं हो? माझ्याकडे तीन वर्षं काम शिकलेली पोरगी आज तिथे पांढरा कोट घालून लेझर फिरवते, डॉक्टर पहिल्या दिवशी पाच मिनिटं दिसतात नि नंतर फक्त बिलावर. भाजल्यावर त्या बायका रडत माझ्याकडे येतात, "ताई काहीतरी लावा ना" म्हणून. मी त्यांना हात न लावता डॉक्टरकडेच परत पाठवते.

पेठकर
ताई, सगळी क्लिनिकं तशी नसतात.

शालूताई_सातारा
सगळी पार्लरं पण तशी नसतात. तेवढंच म्हणत होते.

तुरेवाली
शालूताई बरोबर बोलल्या. मलाही सहाच्या सहा वेळा टेक्निशियननेच केलं, डॉक्टर एकदा.

पेठकर
बरं, बंदीचा शब्द मागे घेतो. पण डॉक्टर जागेवर हवाच, पार्लर असो नाहीतर क्लिनिक, हे मी सोडणार नाही.

सोनचाफा५६
तुमची भांडणं चालू द्या, पण माझ्या वयाच्या बायकांना कोणी सांगतच नाही. हनुवटीवरचे माझे निम्मे केस पांढरे. खिडकीत उन्हात उभं राहिलं की चमकतात, चिमट्याने रोज उपटते. मला आठ सिटिंगचं पॅकेज विकलं. काळे गेले, पांढरे एकूणएक जागेवर! पांढऱ्या केसात रंगच नाही तर लेझर धरणार काय? हे पैसे घ्यायच्या आधी सांगता येत नव्हतं? आता एकेका केसाला सुई लावून इलेक्ट्रोलिसिस करून घेतेय, वेळ खातं पण जातात. अमेरिकेची एफडीए, म्हणजे औषधं नि उपकरणं तपासणारी सरकारी संस्थासुद्धा "कायमचं काढणं" हा शब्द त्यालाच देते, लेझरला फक्त "कायमचं कमी होणं".

कोल्हापुरी_रस्सा
पुरुषाचं पण ऐका जरा. कॉलरखाली दाढीचे केस आत वळून फोड यायचे, रोज शर्टाला रक्त. रंग काळा, यागच केलं, चार सिटिंगमध्ये मान मोकळी झाली. दुखतं, पण रबर ताणून सोडल्यासारखं, क्षणभर.

रानजाई
पीसीओडीवाल्यांनी (हार्मोन बिघडून चेहऱ्यावर केस येतात त्यांनी) अजून एक लक्षात ठेवा. गालावरच्या मऊ लवेवर लेझर मारलं तर कधी कधी लव जायच्या ऐवजी राठ होऊन येते, आणि हा धोका आपल्यासारख्या रंगात जास्त दिसतो. माझ्या मावसबहिणीच्या कानापासून गालापर्यंत तसे आलेत, आधी नुसती लव होती. हार्मोनचं आधी बघा, नाहीतर मूळ चालूच राहतं नि सिटिंग संपत नाहीत.

तुरेवाली
पोस्टमधून घरच्या आयपीएलची ओळ काढली. "कशीही स्किन" पण काढलं, आधी छोट्या जागेवर पॅच टेस्ट करून बघा असं लिहिलं. डायोड चांगला आहे हे ठेवलंय, ते काढणार नाही, मला गुण आलाय. शालूताई, माझी नणंद साताऱ्याला आहे, रंग माझ्याहून गडद, पुढच्या महिन्यात हनुवटीचं लेझर करायचं म्हणतेय. कुठे जायचं ते तुम्हालाच विचारायला पाठवू का?

शालूताई_सातारा
पाठव. याग असलेलं मशीन आणि जागेवर डॉक्टर असलेलं ठिकाण सांगते. पण आजपासून चिमटा, थ्रेडिंग, वॅक्स सगळं बंद ठेवायला सांग तिला, मुळात केसच नसेल तर लेझर पोचणार कुठे. वाढलेच तर रेझर फिरवायचा, त्याने केस राठ होत नाहीत. आणि गच्चीवर वाळवणं घालायला उन्हात जाऊ नको म्हणावं.