पस्तिशीनंतर नर्सिंगचं दार बंद का?

मानेवाड्याची मी
आम्ही नागपूरचे. माझी जाऊ चौतीस वर्षांची, बारावी आर्ट्स. सासऱ्यांना लकवा झाला तेव्हा नळीतून फीडिंग, कॅथेटर, दर दोन तासांनी कूस बदलणं, सगळं तिनंच केलं. शेवटपर्यंत त्यांना एक बेडसोर झाला नाही. आता तिला जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा, करायचंय आणि घरात दोन तट पडलेत.

माझा राग नियमावर आहे. बीएस्सी नर्सिंगला बारावीत बायोलॉजी लागतं, तो रस्ता तिला नाहीच. जीएनएमला आर्ट्स चालतं, पण वय 17 ते 35. म्हणजे आता नाही तर कधीच नाही. इकडे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची, नीटची, वरची वयोमर्यादा 2022 मध्येच काढून टाकली. चाळिशीतली बाई डॉक्टर व्हायला निघू शकते आणि नर्स व्हायला नाही, हे कोणतं गणित? लेकरं शाळेत जायला लागली की बाईला जरा उसंत मिळते, नेमकं तेव्हाच तिला म्हातारी ठरवायचं! ही अट काढली पाहिजे.

नाईटवाली सिस्टर
ताई, जावेचं कौतुकच आहे. पण घरी पेशंट एक होता, आणि तो आपला होता. वॉर्डात नाईटला एका सिस्टरवर अख्खी रांग असते. एकाचं सलाईन संपलेलं, दुसऱ्याचे नातेवाईक अंगावर धावून आलेले, तिसऱ्याचा बीपी खाली चाललेला. त्यात इनटेक-आउटपुट, म्हणजे पोटात किती गेलं अन् बाहेर किती आलं, ते लिहायचं आणि सकाळी पुढच्या सिस्टरला ओव्हर देताना एक डोस इकडचा तिकडे झालेला चालत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, उष्माघाताचे पेशंट यायला लागतात आणि मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, कोल्ड वॉर्ड उघडावा लागतो. तेव्हा या म्हणावं बघायला.

पस्तिशीची अट उगाच नाही. माझ्या बरोबरीच्या निम्म्या बायकांची कंबर पेशंट उचलून गेली आहे. शिकाऊ असताना विशीतली सीनियर ‘बेडपॅन दिला का?’ म्हणून सगळ्यांसमोर झापते. चौतिसाव्या वर्षी ते गिळणं सोपं नाही.

अजनीचा पोट्टा
कंबर जाते म्हणून दार बंद? मग पन्नाशीतल्या सिस्टर काय करून राहिल्या वॉर्डात? त्यांची कंबर काय लोखंडाची आहे? पेशंट उचलायला माणसं द्या, लिफ्टर द्या. माणसं कमी ठेवायची अन् वयाच्या नावानं बोंबलायचं, असं कसं चालेल?

हिशेबी
भावना बाजूला ठेवा, पैशाचं बोला. खासगी कॉलेजची तीन वर्षांची फी, वर घरची कमाई नाही. बाहेर पडल्यावर धंतोली, रामदासपेठेत हॉस्पिटलं ढीगभर आहेत, पण पगार विचारून बघा. सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने 2016 मध्ये सांगितलं होतं की 50 पेक्षा कमी खाटांच्या खासगी हॉस्पिटलातही नर्सला किमान 20,000 द्या. एका ठिकाणी माझ्या बहिणीला याच्या निम्म्यावर ठेवून घेतलं होतं, तेही ‘अनुभव मिळेल’ म्हणत.

सरकारी म्हणाल तर आजपासून तीन वर्षं जोडा, सदतीस. राज्य सरकारच्या भरतीत खुल्या गटाला 38 पर्यंतच वाव. मिहानमधल्या एम्सचा विचार तर सोडूनच द्या, तिथे नर्सिंग ऑफिसरला खुल्या गटासाठी तिशीची मर्यादा आहे. एका वर्षाच्या फटीसाठी तीन वर्षं घालवायची?

मानेवाड्याची मी
हिशेबीभाऊ, आमच्याकडे ओबीसीचा दाखला आहे, नॉन-क्रीमीलेअरही काढू. मागासवर्गीयांना राज्यात 43 पर्यंत वाव आहे. म्हणजे एक नाही, सहा वर्षं हातात.

हिशेबी
मग तुमच्या जावेपुरतं मी मागे घेतो. बाकी मत तेच. आणि शिकायची अट काढून नोकरीची तशीच ठेवली तर काय मिळवलं? पंचेचाळिसाव्या वर्षी डिप्लोमा हातात अन् सरकारी जाहिरात बघत बसायचं! मागायचंच असेल तर दोन्ही मागा.

नाईटवाली सिस्टर
हे बरोबर बोललात. माझा विरोध आहेच, पण अर्धवट सवलत त्याहून वाईट.

सक्करदऱ्याची काकू
मी दोनदा भरती झाले, सरकारी मेयो हॉस्पिटलात आणि खासगीत. कोवळ्या पोरींच्या हाताला वेग असतो, पण डागाळलेला पदर लपवणारी बाई ओळखायला संसार केलेली सिस्टरच लागते. नाईटवाल्या ताई, तुमच्याच वॉर्डातलं आठवा, रात्री अडीचला घाबरलेली बाई कोणाला हाक मारते.

एक मात्र सांगते, त्या खांबांवरच्या ‘सहा महिन्यांत नर्स’वाल्या जाहिरातींच्या नादी लागू नका. तसल्या कागदावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नसली की आयाच्या पगारावर सिस्टरचं काम करून घेतात. कॉलेजला मान्यता आहे का ते आधी बघा, फी मग भरा.

नाईटवाली सिस्टर
काकू, रात्री अडीचला हाक मलाच मारतात, आणि मी विसाव्या वर्षी लागले होते. मायेला वय लागत नाही. कमरेला लागतं. मानेवाड्याच्या ताई, जावेला कुठल्याही वॉर्डाबाहेर सकाळी आठला ड्युटी बदलताना उभी करा. नाईट करून निघालेल्या पोरींचे चेहरे बघू दे, मग फॉर्म भरा.

मानेवाड्याची मी
तिला नेते बघायला. पण फॉर्म आधी भरतो, तारीख निघून जाईल.