पुस्तकजत्रा, लेखन कार्यशाळा आणि आपली माणसं: तुमचेही अनुभव लिहा

शाईचा वास
आमच्या सोसायटीजवळच्या हॉलमध्ये शनिवार-रविवार पुस्तकजत्रा होती. लेखक सगळे आसपासचेच, १२-१३ टेबलं, वरच्या खोलीत लेखन कार्यशाळा. शनिवारी भाजी आणायला निघाले होते, तशीच पिशवी घेऊन आत शिरले. दारातच कोऱ्या पुस्तकांचा वास आला आणि दादा आठवले. दादा म्हणजे वडील.

दादा पुण्यात शनिवार पेठेत एका छापखान्यात कंपोझिटर, म्हणजे अक्षरं जुळवणारे, होते. ३१ वर्षं दुसऱ्यांच्या पुस्तकांचे खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवले. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची पट्टी, उजवा हात केसवरून, म्हणजे खिळ्यांच्या खणांवरून, नुसता फिरत असायचा, बघावं लागायचं नाही. स्टिकमधली ओळ उलटी वाचायची इतकी सवय, की माझी शुद्धलेखनाची वही ते समोर बसून, न फिरवताच तपासायचे. छापून झालं की खिळे रॉकेलने धुवायचे, त्यामुळे घरी आले की आधी रॉकेलचा वास यायचा, मागून दादा.

स्वतःच्या कविता त्यांनी १९८४ साली मालकांना विचारून, कामाची वेळ संपल्यावर रात्री बसून जुळवल्या. दोन फर्मे, म्हणजे ३२ पानं. प्रती ३००. नातेवाइकांत वाटल्या, उरलेल्या माळ्यावर गेल्या. पुढे ऑफसेट छपाई आली, संगणकावरची जुळणी म्हणजे डीटीपी आलं, छापखाना बंद झाला. मग दादाही गेले.

कार्यशाळा घेणाऱ्या ताईंनी सांगितलं, घरातल्या एका माणसाच्या हातांबद्दल १० मिनिटं लिहा, विशेषण एकही नको. माझ्या शेजारच्या आजींनी तीनच ओळी लिहिल्या होत्या. आई भाकरी थापायला बसली की बांगड्या कोपराकडे सारायची. वडील गेल्यावर सारायला बांगड्या उरल्या नाहीत. तरी हात तसाच मागे जायचा.

खोलीत कुणीच काही बोललं नाही. माझी पाळी आली. दादांच्या नखांतल्या शाईबद्दल लिहिलं होतं, दुसऱ्या वाक्याला आवाज बसला. आजींनी कागद माझ्या हातातून घेतला आणि पुढचं त्यांनी वाचलं.

रात्री माळा उपसला. रविवारी ११ प्रती घेऊन गेले, संयोजकांनी टेबलाचा कोपरा दिला. एका काकांनी प्रत उचलली, पान उलटून मागच्या बाजूवरून बोट फिरवलं. खिळ्यांचा दाब बोटाला लागतो ना, तो. म्हणाले, "खिळ्यांची छपाई. कुणी जुळवलंय?" मी म्हटलं, "वडिलांनी. लिहिलंयही त्यांनीच." त्यांनी दोन प्रती घेतल्या.

तुमचंही लिहा. जत्रा, कार्यशाळा, पहिलं पुस्तक, काहीही.

वाचनवेडी
ताई 😢 कुकर लावलाय आणि इथे रडत बसलेय. त्या आजींच्या तीन ओळी डोक्यातून जात नाहीत. परत कधी आहे कार्यशाळा?

पेठकर
माझा अनुभव पुस्तकांच्या दुकानांच्या अप्पा बळवंत चौकातला. जत्रा नाही, पण आमच्यासाठी जूनमध्ये तिथे जत्राच असायची. नववीला जुनं भूमितीचं पुस्तक घेतलं, निम्म्या किमतीत. घरी येऊन उघडलं तर पहिल्या पानावर आत्याचं नाव! तिने तीन वर्षांपूर्वी विकलेलं. समासात तिच्या पेन्सिलीच्या खुणा, 'हे येणारच' वगैरे. त्या खुणांवर मी ७० पाडले. आत्या अजून त्यातले १० मार्क मागते.

शाईचा वास
@पेठकर आत्यांना द्या मार्क, त्यांचा हक्क आहे :)

हडपसरहून
मी लेखक म्हणून टेबलामागे बसलोय, ती बाजू लिहितो. पहिली कादंबरी, ५०० प्रती. एका प्रकाशकाने छपाईचे पैसे आधी घेतले, १०० प्रती दिल्या आणि नंतर फोन उचलणं बंद केलं. वर्षभर रोज सकाळी तो फोन लावायचो. बायको म्हणाली, आता पुरे, दुसरं लिहायला घ्या. दुसरं मी स्वतः काढलं. मुद्रितशोधनाला पैसे दिले, मुखपृष्ठ भाच्याने केलं. वितरकाला द्यायचं तर निम्म्याच्या आसपास सूट जाते, हातात फार काही उरत नाही. म्हणून अशा जत्रेतलं टेबल आमच्यासाठी मोठी गोष्ट असते. पुस्तक थेट वाचकाच्या हातात.

मागच्या वेळी दिवसभरात चार प्रती गेल्या. पाचव्या प्रतीला एक मुलगी आली, आठवी-नववीतली असेल. उभ्यानेच २०-२५ पानं वाचली. मी स्टूल दिलं. तिच्याकडे ५० रुपये होते, पुस्तक २०० चं. म्हटलं, घेऊन जा, वाचून झालं की सांग. तीन आठवड्यांनी तिच्या आईच्या फोनवरून मेसेज आला, 'काका, शेवटी म्हातारा परत यायला हवा होता.' बरोबर होतं तिचं. तिसऱ्या पुस्तकात म्हातारा परत येतोय.

वाचनवेडी
@हडपसरहून म्हातारा परत येतोय हे वाचून काय बरं वाटलं! पुस्तकाचं नाव सांगा की.

कोथरूडची सून
फर्ग्युसनच्या मैदानावरच्या पुणे पुस्तक महोत्सवाला कोण कोण जातं? २०२३ च्या डिसेंबरात पहिला झाला तेव्हापासून आम्ही दरवर्षी जातो. सासूबाईंचे गुडघे दुखतात, तरी मेट्रोने डेक्कनला उतरून रिक्षाने जातोच. त्या एकाच स्टॉलवर तासभर बसतात, मी बाकीचं बघून येते. गेल्या खेपेला त्यांनी पाककृतींची पाच पुस्तकं घेतली. म्हटलं, आई, तुम्हाला सगळं येतं की. म्हणाल्या, "येतं गं, पण बाकीच्या बायका मीठ किती घालतात ते बघायचंय."

मिसळप्रेमी
फर्ग्युसनला गेलं की मिसळ कुठे खाता? गाडी लावायचीही बोंब असते.

कोथरूडची सून
गाडी आणूच नका ओ. आणि आम्ही घरून धपाटे नेतो.

मिसळप्रेमी
धपाटे! रेसिपीचा वेगळा धागा काढा, वाट बघतो.

निवृत्त_मास्तर
पुण्याला या गोष्टीची फार जुनी ओढ आहे. पुणे नगर वाचन मंदिर हे ग्रंथालय १८४८ चं. मराठीतलं पहिलं ग्रंथकार संमेलन इथेच भरलं, मे १८७८ मध्ये, न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादींच्या पुढाकाराने. आज आपण ज्याला साहित्य संमेलन म्हणतो त्याची सुरुवात तिथून धरतात. शाळेत हे शिकवताना मुलं खिडकीबाहेर बघायची. मग एकदा त्यांनाच सांगितलं, तुमच्या गल्लीचा इतिहास लिहा, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून. एका पोराने पानशेतच्या पुराची आजोबांची गोष्ट आणली, १२ जुलै १९६१. आजोबा कौलांवर बसलेले आणि खालून वाड्याचा दरवाजा वाहत गेला, कडी तशीच लावलेली. माझ्या नोकरीत वाचलेल्या सगळ्या निबंधांत मला ही कडी आठवते.

शाईचा वास, एक विनंती. वडिलांच्या पुस्तिकेची प्रत ग्रंथालयात द्या. माळ्यावर वाळवी लागते.

पेठकर
सर, आमच्या वाड्यात पुराच्या पाण्याची खूण भिंतीवर होती. वाडा पाडला तेव्हा फोटोसुद्धा काढला नाही. याची चुटपुट आहे.

निवृत्त_मास्तर
लिहून ठेवा. किती उंचीवर होती, कोणत्या भिंतीला. आजच लिहा.

नवी_आई
बाळ झोपलंय, पटकन लिहिते. कार्यशाळेत कधी गेले नाही, भीती वाटते, लोक हसतील. पण धागा वाचून बाळाच्या दुपट्याबद्दल चार ओळी लिहिल्या. विशेषण खोडताना एक ओळच उडाली, तीन राहिल्या. उठलं, जाते.

वाचनवेडी
@नवी_आई तीनच पुरतात, आजींच्याही तीनच होत्या. टाका इथे.

शाईचा वास
सगळ्यांचं वाचलं, काहींचं दोनदा. मास्तर, आज सकाळी तीन प्रती ग्रंथालयाला देऊन आले. तिथल्या मुलीने विचारलं, "लेखकाचं नाव?" दादांचं पूर्ण नाव सांगितलं, तिने रजिस्टरमध्ये लिहिलं. मी ते उलट्या बाजूने, टेबलापलीकडून वाचलं.

आणि माळ्यावरच्या गठ्ठ्यात गॅली प्रूफ, म्हणजे चुका तपासायचा कच्चा छाप, सापडलं. एका कवितेत 'आई' च्या जागी 'आइ' पडलंय, दादांनी लाल शाईने गोल केलाय. छापलेल्या पुस्तिकेत बरोबर आहे.

नवी_आई, कार्यशाळा या रविवारी परत आहे, सकाळी १० ला, त्याच हॉलमध्ये वरच्या मजल्यावर. बाळाला घेऊन या, आजी येणार आहेत, त्या धरतील. वही-पेन आपापलं आणा.