मदत हवी आहे: एक्सएसएलटी 1.0 मध्ये तालुका, मग गाव असं ग्रुपिंग

केळीच्या वजनपावत्यांची एक्सएमएल फाइल रोज येते. रचना अशी: तालुका, त्याच्या आत दिवस, त्याच्या आत पावती. तालुक्याचं नाव तालुका एलिमेंटच्या अॅट्रिब्यूटमध्ये, गाव आणि वजन पावतीत. मला एक्सएसएलटीने (एक्सएमएलचं दुसऱ्या रूपात रूपांतर करणारी भाषा) तालुकावार, गावनिहाय बेरजेचा एचटीएमएल तक्ता हवा आहे.

मुएन्शियन पद्धतीने (1.0 मध्ये की म्हणजे शोधसूची वापरून गट पाडायची रीत) गावावर की बांधली, जनरेट-आयडीने प्रत्येक गटातली पहिली पावती पकडली. पण एकाच नावाचं गाव रावेर आणि यावल दोन्हीकडे आहे. रावेरखाली 30 क्विंटल यायला हवेत, तिथे 48 दिसतात आणि यावलमधून ते गावच गायब! शेतकऱ्यांच्या मालाचा हिशेब आहे, असा तक्ता मी पुढे देऊच शकत नाही.

कीच्या यूजमध्ये आणि शोधतानाही कॉन्कॅट वापरून एक पायरी वरचं अॅट्रिब्यूट गावाला जोडून पाहिलं, मध्ये उभी रेघ टाकून. एरर नाही, पण आउटपुटही जसंच्या तसं. नेमस्पेसला प्रीफिक्स दिला आहे, टेम्प्लेट नीट लागतात. गावांच्या नावांतल्या जादा स्पेसही नॉर्मलाइझ-स्पेसने काढल्या.

जळगावच्या ऑफिसातल्या मशिनवर फक्त एक्सएसएलटीप्रोक (1.0 चालवणारा प्रोग्रॅम) आहे. जावा टाकायला परवानगी नाही, म्हणजे सॅक्सन (2.0 चालवणारा जावा प्रोग्रॅम) आणि 2.0 चं तयार ग्रुपिंग, फॉर-ईच-ग्रुप, दोन्ही बाद. फाइलची रचना समोरून येते, ती बदलता येणार नाही.

दोन पायऱ्या वरच्या तालुक्याचं नाव कीमध्ये घ्यायचं तर यूजमध्ये अॅन्सेस्टर (वरच्या पातळीवरचे एलिमेंट शोधणारा मार्ग) चालतं का, आणि बेरीज करताना तीच की नेमकी कशी लिहायची?