बर्नआउटसाठी कानात सुया: संशोधन नक्की काय सांगतं?

रातपाळी_सिस्टर

नमस्कार. मी नाशिकला एका खासगी हॉस्पिटलात आयसीयूला स्टाफ नर्स आहे. बारावं वर्ष चालू आहे.

मागच्या महिन्यात एका आजींच्या मुलाने मला तिसऱ्यांदा विचारलं, "सिस्टर, आईने डोळे उघडले का?" मी मान वर न करता म्हणाले, "डॉक्टरांना विचारा." घरी आल्यावर त्याचा चेहरा आठवायला गेले तर आठवेना. पूर्वी माझ्या बेडवरच्या पेशंटचं कोण कुठून येतं, कोणाचा डबा कोण आणतं, सगळं मला ठाऊक असायचं. आता पेशंटसुद्धा बेड नंबरानेच लक्षात राहतो. औषध सोडणाऱ्या इन्फ्युजन पंपाचा अलार्म घरीही कानात वाजत असतो, कुकरची शिट्टी झाली की हात थरथरतो. नाइट करून आले तरी दुपारी दोनपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही.

आमच्याकडे आता नोटीस लागली आहे. दर गुरुवारी सकाळी ११ वाजता स्टाफसाठी मोफत अ‍ॅक्युपंक्चर. दोन्ही कानांत पाच-पाच सुया लावायच्या आणि अर्धा तास शांत बसायचं. खाली लिहिलंय, "बर्नआउट टळतो हे संशोधनाने सिद्ध." बर्नआउट म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने आतून पार रितं होणं. मला सुईची भीती नाही. मला त्या "सिद्ध" शब्दाबद्दल विचारायचं आहे. पेशंटला हाय रिस्क औषध देताना आम्ही दोघी जणी लेबल वाचतो, मगच पंपाला लावतो. माझ्यासाठीचं औषधही तसंच वाचून घ्यावं असं वाटतं.

हेही सांगते: महिन्यात सात-आठ वेळा डबल ड्यूटी होते. व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटमागे एक सिस्टर हा निकष. रात्री माझ्याकडे तीन असतात.

आकडेमोड

ताई, मी पुण्यात औषधांच्या चाचण्यांची आकडेवारी तपासण्याचं काम करतो. "सिद्ध" हा शब्द मी तरी सही करून दिला नसता.

अ‍ॅक्युपंक्चरवरचं भक्कम काम दुखण्यावर झालंय. जर्मनीत कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर झालेली एक मोठी चाचणी २००७ साली छापून आली. तीन गट होते: खरं अ‍ॅक्युपंक्चर, नकली अ‍ॅक्युपंक्चर (म्हणजे भलत्याच जागी, वरवर टोचलेल्या सुया) आणि नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी बरं वाटलेले लोक पहिल्या गटात ४७.६ टक्के, दुसऱ्यात ४४.२ आणि तिसऱ्यात २७.४. म्हणजे सुया घेणाऱ्यांना नेहमीच्या उपचारांपेक्षा बराच जास्त आराम पडला, पण नेमका बिंदू साधला की चुकला याने फारसा फरक पडला नाही. ही गाठ अजून पुरती सुटलेली नाही आणि तुमच्या प्रश्नाचं मूळही तिथेच आहे.

मनाच्या आजारांकडे या. उत्तर इंग्लंडमध्ये नैराश्याच्या ७५५ रुग्णांवर चाचणी झाली, २०१३ साली प्रसिद्ध झाली. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला आठवड्यातून एकदा अ‍ॅक्युपंक्चर किंवा समुपदेशन, दोन्हींनी तीन महिन्यांत नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त फायदा झाला. दोघांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. पण तिथे नकली सुयांचा गट नव्हता, म्हणून फायदा सुईचा की आठवड्याला कुणीतरी तासभर आपल्याकडे लक्ष दिल्याचा, हे त्यातून कळत नाही. पुढे २०१८ मध्ये कॉक्रेनने (वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणारी आंतरराष्ट्रीय संस्था) नैराश्यावरचे ६४ अभ्यास एकत्र तपासले. काहींत फायदा दिसतो, पण पुराव्याचा दर्जा कमी, असा त्यांचा निष्कर्ष.

बर्नआउटवर थेट झालेले मी वाचलेले बहुतेक अभ्यास लहान आहेत. हॉस्पिटलचा स्टाफ, काही आठवडे कानात सुया, आधी आणि नंतर एक प्रश्नावली, बहुतेकदा तुलनेला दुसरा गटच नाही. लोकांना हलकं वाटतं हे त्यांत दिसतं आणि ते मला खरं वाटतं. पण स्वेच्छेने आलेला माणूस, शांत खोली, अर्धा तास फोन बंद, यांतलं कशाने वाटलं? आणि बर्नआउट *टळतो* म्हणायचं तर धडधाकट लोकांना वर्ष-दोन वर्षं पाहावं लागेल.

सोलापूरचा_मास्तर

मी निवृत्त शिक्षक. मानेच्या दुखण्यासाठी दहा वेळा सुया घेतल्या, चौथ्या वेळेपासून रात्री कूस बदलता येऊ लागली. संशोधन म्हणून नाही, अनुभव म्हणून सांगतो.

आमच्या गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिकडेच वारले, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच पथकातले कोलकात्याचे डॉ. बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि १९५९ मध्ये ते भारतात घेऊन आले. वर्गात कोटणीस शिकवताना मी हा धागा मुद्दाम सांगायचो. सिस्टर, कोटणीसांनी आघाडीवर ७२ तास सलग शस्त्रक्रिया केल्या असं सांगतात आणि आपण ते अभिमानाने ऐकतो. तुमचं वाचून आज पहिल्यांदा मनात आलं, ३२ वर्षांचा तो माणूस किती थकला असेल.

कानबिंदू

मी नोंदणीकृत अ‍ॅक्युपंक्चर थेरपिस्ट आहे, मुंबई. नोटिशीतली भाषा मलाही पटलेली नाही.

तुम्ही वर्णन केलेले ते पाच बिंदू बहुधा नाडा (NADA) नावाच्या पद्धतीचे: शेनमेन, सिंपथेटिक, किडनी, लिव्हर आणि लंग. ही पद्धत १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या लिंकन हॉस्पिटलात व्यसनमुक्तीसाठी तयार झाली. कपडे काढायला नकोत, खुर्चीत बसून गटाने घेता येते, म्हणून ती पुढे आपत्तीग्रस्तांसाठी आणि आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी वापरात आली. मी स्वतः ती देते. बरेच जण वीस मिनिटांत पेंगतात.

शरीरात काय घडतं यावर काम चालू आहे. २०२१ साली 'नेचर'मध्ये आलेल्या एका संशोधनात उंदरांच्या मागच्या पायातल्या ठरावीक जागी सौम्य विद्युत सुया दिल्यावर व्हेगस नर्व्हमार्गे (मेंदूपासून पोटापर्यंत जाणारी नस) अ‍ॅड्रिनल ग्रंथीपर्यंत (मूत्रपिंडावरची ग्रंथी) संदेश जाऊन दाह कमी झाला, आणि त्यासाठी कोणत्या मज्जापेशी लागतात तेही दाखवलं गेलं. फार सुंदर काम आहे. पण ते उंदरांवरचं, पायाच्या बिंदूचं आणि दाहाबद्दलचं. त्यावरून कानातल्या सुया थकलेल्या नर्सला सावरतात असं मी कुणाला सांगणार नाही.

जाण्यापूर्वी दोन गोष्टी बघा. सुई तुमच्यासमोर पाकिटातून काढलेली, एकदाच वापरायची हवी. आणि देणाऱ्याची महाराष्ट्र अ‍ॅक्युपंक्चर कौन्सिलकडे नोंदणी हवी. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा. कानाच्या सुयांत थोडं दुखणं, टिपूसभर रक्त, क्वचित चक्कर, एवढंच सहसा होतं.

रातपाळी_सिस्टर

सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तर, तुमची शेवटची ओळ मी ड्यूटी रूममध्ये वाचून दाखवली. कुणीच काही बोललं नाही.

आकडेमोड, एक विचारते. समजा निम्मा परिणाम सुईचा नसून लक्ष दिल्याचा आहे. मग काय बिघडलं? पेशंटचा हात धरून बसल्यावर मॉनिटरवरची हार्ट रेट खाली येताना मी पाहिली आहे.

आकडेमोड

काहीच बिघडलं नाही. बोस्टनला आतड्याच्या विकाराच्या २६२ रुग्णांवर २००८ साली नेमकं हेच तपासलं होतं. सगळ्या सुया नकली. नुसतं वाट पाहणाऱ्यांत २८ टक्क्यांना पुरेसा आराम, कमी बोलून सुया दिल्यावर ४४ टक्क्यांना, आणि आपुलकीने चौकशी करत दिल्यावर ६२ टक्क्यांना.

माझी हरकत वेगळी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ मध्ये (आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात) बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही, कामाशी निगडित स्थिती म्हटलंय: कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्याने येणारी. ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती २०२४ मध्ये अभ्यासली गेली. ताण-व्यवस्थापनाचे वर्ग, अ‍ॅप, माइंडफुलनेस असे व्यक्तीसाठीचे उपक्रम घेणारे लोक न घेणाऱ्यांपेक्षा बरे दिसले नाहीत. उलट २०१७ च्या एका आढाव्यात डॉक्टरांच्या बर्नआउटवर कामाचे तास आणि रचना बदलणाऱ्या उपायांचा परिणाम जास्त दिसला. ताई, तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये शेवटी दोन वाक्यं लिहिलीत, डबल ड्यूटीची आणि तीन व्हेंटिलेटरची. माझ्या मते खरा प्रश्न तोच होता.

रातपाळी_सिस्टर

काल जाऊन आले. पाकीट माझ्यासमोर फोडलं, नोंदणी विचारली तर त्या मॅडमनी लगेच दाखवली. डाव्या कानात एक सुई चांगलीच झोंबली, मग कान गरम झाले. दुपारी साडेबाराला झोपले ती साडेपाचला उठले. कशामुळे, ते आता माहीत नसलं तरी चालेल. पुन्हा जाईन.

पण खोलीत आम्ही नऊ जण होतो, त्यात नाइट केलेली मी एकटीच. आमची नाइट आठला सुटते, ओव्हर (पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती) देऊन निघेपर्यंत साडेआठ. अकरापर्यंत कोण थांबणार? मी अडीच तास लॉकर रूममध्ये बाकावर बसून काढले. ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे त्याच घरी निघून जातात.

आज आम्ही सहा जणींनी गेल्या तीन महिन्यांचं ड्यूटी रजिस्टर समोर घेऊन प्रत्येकीच्या डबल ड्यूट्या आणि रात्रीचे पेशंट तारखेवार लिहून काढले. मेट्रनना अर्ज दिला. अ‍ॅक्युपंक्चर साडेआठला घ्या, आणि सलग दोन डबल कुणालाच लावू नका. पहिली गोष्ट त्यांनी तिथेच मान्य केली. दुसरीसाठी सोमवारी बोलावलंय, आकडे घेऊन.

कुणाला असा अर्ज करायचा अनुभव असेल तर लिहा. रविवारी माझी नाइट आहे, त्याआधी वाचेन.